तीन तासांचा न्याय

शालान्त परीक्षेचा निकाल लागला की आपल्याकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. "अमक्याच्या पोराला म्हणे दर पेपराला जादा वेळ मिळाला. डॉक्टरचं सर्टिफिकेट होतं. मग आमच्या पोरानं काय घोडं मारलं होतं?" तक्रार करणारी माणसे दुष्ट नसतात. एका गुणाने शास्त्र शाखा हुकते, दोन गुणांनी वसतिगृहातली जागा जाते, हे त्यांनी सोसलेले असते. सीमाभागातल्या एका मराठी शाळेत मी पुष्कळ वर्षे शिकवले, परीक्षेच्या दालनांत पर्यवेक्षण केले. ज्यांच्या मुलांना वेळ मिळाला आणि ज्यांच्या मुलांना मिळाला नाही, अशा दोन्ही प्रकारच्या पालकांचे बोलणे मी ऐकले आहे. दोघेही 'न्याय' हाच शब्द वापरतात. म्हणून मला वाटले, की या प्रश्नाकडे जरा इतिहासाच्या वाटेने जाऊन पाहावे. घड्याळ परीक्षेच्या दालनात शिरले कधी, आणि त्याला न्यायाधीशाचा मान दिला कोणी?

आपल्या जुन्या विद्येची परीक्षा तोंडी असे. पाठशाळेत गुरू विचारी, शिष्य सांगे. पेशवाईत श्रावणमासात पुण्याला दक्षिणा वाटली जाई, तेव्हा जमलेल्या शास्त्रीपंडितांची विद्या पारखली जाई ती वादातून आणि पाठांतरातून. तिथे उत्तरपत्रिका नव्हती, पुरवणी नव्हती, शेवटची घंटाही नव्हती. म्हणून तो काळ फार न्यायाचा होता असे मात्र कोणी समजू नये. त्या परीक्षेचे दार मूठभरांनाच उघडे होते, आणि आत गेल्यावरही परीक्षकाची मर्जी मोठी होती. कोणाला सोपे विचारायचे, कोणाला अवघड, हे सारे त्याच्या हाती.

नेमक्या याच दोषावर उपाय म्हणून लेखी परीक्षा पुढे आली. १८४५ साली अमेरिकेत बोस्टन शहराच्या शाळांत एक प्रसंग घडला. मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मान आणि त्यांचे मित्र सॅम्युएल ग्रिडली हौ यांचा तिथल्या मास्तरांच्या तोंडी परीक्षांवर विश्वास उरला नव्हता. तपासणी समितीने छापील प्रश्न वर्गांवर नेले, विद्यार्थ्यांपुढे ठेवले आणि एका विषयाला एक तास दिला. निकाल इतका वाईट लागला की शहरभर गदारोळ उठला. मान यांचे म्हणणे असे, की सर्वांना तेच प्रश्न आणि तेवढाच वेळ, म्हणजे पक्षपाताला जागा नाही. शिवाय उत्तर कागदावर उरते, ते मागाहून कोणीही तपासावे. 'सर्वांना सारखा वेळ' हे तत्त्व असे वशिल्याविरुद्धचे हत्यार म्हणून जन्माला आले. जादा वेळेला हरकत घेणारा पालक अजाणता त्याच तत्त्वाच्या बाजूने बोलत असतो. त्याला मूर्ख ठरवून चालणार नाही.

आपल्याकडे १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाली. मुंबईची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली आणि तीत उत्तीर्ण झालेल्या एकवीस जणांत महादेव गोविंद रानडे होते. तेव्हापासून परीक्षा म्हणजे लेखी परीक्षा हे समीकरण आपल्या घराघरांत रुजले. आपल्या मुलांच्या ओळखीचे 'तीन तास' हे काही वेदवाक्य नव्हे. दालनाची सोय, पर्यवेक्षकांची सोय, बसायची ताकद यांचा मेळ घालणारी ती एक व्यवहारी मर्यादा आहे. दोन तास पन्नास मिनिटांत विद्वत्ता ठरत नाही आणि तीन तास वीस मिनिटांत ती पातळ होत नाही.

पुढे मात्र एक निराळी गोष्ट घडली. पहिल्या महायुद्धात १९१७ पासून अमेरिकन सैन्यात सुमारे सतरा लाख जवानांची बुद्धिमापन चाचणी घेतली गेली. इतक्यांना झटपट गाळायचे, म्हणून दर भागाला मोजकी मिनिटे. त्या कामातले एक मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगम यांनी पुढे महाविद्यालयीन प्रवेशासाठी 'सॅट' ही परीक्षा बसवली. १९२६ साली ती प्रथम झाली तेव्हा प्रश्न होते ३१५ आणि मिनिटे ९७. एका प्रश्नाला साडेअठरा सेकंद! जो झपाट्याने वाचील तो हुशार, हे गृहीत त्यात मुरलेले होते. बोस्टनचे घड्याळ केवळ सर्वांना समान ठेवण्यासाठी होते. इथे मात्र वेग हाच बुद्धीचा पुरावा होऊन बसला. या दोन गोष्टींतला फरक पुढे फार थोड्यांच्या लक्षात राहिला.

घड्याळाची ही कथा चालू असताना डॉक्टरांच्या जगात एक वेगळीच कथा चालली होती. १८७७ साली जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाऊल यांनी 'शब्दांधत्व' ही संज्ञा वापरली. डोळे शाबूत, बोलणे शाबूत, पण मेंदूला इजा झाल्यामुळे छापील शब्द कळेनासा झालेला, अशा प्रौढ रुग्णांचे ते वर्णन होते. १८८७ साली श्टुटगार्टचे नेत्रवैद्य रुडोल्फ बेर्लिन यांनी त्यावर पुस्तक लिहिले आणि 'डिस्लेक्सिया' हा शब्द रूढ केला. पण जन्मापासूनच असे असू शकते का? ७ नोव्हेंबर १८९६ च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये सीफर्ड गावच्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिकत छापली. मुलगा चलाख, खेळात पुढे, पण वाचता येत नाही. स्वतःचे 'पर्सी' हे नावसुद्धा अक्षरांची अदलाबदल करून लिहायचा आणि चूक त्याच्या ध्यानात येत नसे. हाच मुलगा ७४९ गुणिले ८६७ हा गुणाकार चटकन बरोबर करी, बीजगणितातली पदावली सोडवी. त्याच्या शिक्षकाचे मत मॉर्गननी नोंदवले आहे, की सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता.

वाचकहो, या एका वाक्यापाशी क्षणभर थांबावे. तोंडी परीक्षेच्या जगात पर्सीचा दोष बहुधा कोणाला दिसलाही नसता. कागद आला, छापील प्रश्न आला, मिनिटे मोजणारे घड्याळ आले, आणि त्या मुलाचे उणेपण उघडे पडले. दोष त्याच्यात होताच; पण त्याला 'नापास' हे रूप परीक्षेच्या पद्धतीने दिले.

ग्लासगोचे नेत्रवैद्य जेम्स हिन्शेलवुड यांनी १९१७ साली जन्मजात शब्दांधत्वावर पुस्तक लिहिले. १९२५ पासून आयोवाच्या सॅम्युएल ऑर्टन यांनी हा विचार पुढे नेला. १९६३ साली शिकागोला पालकांच्या एका परिषदेत सॅम्युएल कर्क यांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्दप्रयोग मांडला आणि तो रुळला. आपण त्याला 'अध्ययन अक्षमता' म्हणतो. वाचनाची, लेखनाची आणि गणिताची, असे तिचे मुख्य प्रकार. बुद्धी मंद असणे वेगळे आणि हे वेगळे, ही गोष्ट आजही शाळेशाळेत पुन्हापुन्हा सांगावी लागते.

अमेरिकेत १९७३ आणि १९७५ च्या कायद्यांनी अपंग विद्यार्थ्यांना हक्क दिले, १९९० च्या कायद्याने ते आणखी बळकट केले. परीक्षेत जादा वेळ मिळू लागला. पण गुणपत्रिकेवर त्याची खूण उमटू लागली. ही परीक्षा नेहमीच्या परिस्थितीत झालेली नाही, अशा अर्थाची ती खूण. म्हणजे वेळ द्यायचा आणि तो घेतल्याचा डागही लावायचा! दोन्ही हात नसलेले मार्क ब्राइमहॉर्स्ट यांनी व्यवस्थापन शाखेची प्रवेश परीक्षा जादा वेळेत दिली होती. त्यांनी या खुणेविरुद्ध १९९९ साली दावा लावला. २००१ मध्ये तडजोड झाली, काही परीक्षांतून खूण गेली, आणि २००३ पासून 'सॅट'च्या गुणांवरूनही ती निघाली.

दुसरा खटला बोस्टन विद्यापीठाचा. तिथले जॉन वेस्टलिंग यांनी १९९५ च्या भाषणात एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. ती पहिल्याच दिवशी पत्र घेऊन आली, जादा वेळ मागितला, पुढची जागा मागितली, शिवाय मला वर्गात झोप लागू शकते असेही तिने कळवले. श्रोते हसले असतील. पुढे विद्यार्थ्यांनी दावा लावला तेव्हा वेस्टलिंग यांनी न्यायालयात कबूल केले, की अशी विद्यार्थिनी अस्तित्वातच नव्हती; ती त्यांनी रचलेली होती. १९९७ मध्ये न्यायाधीश पॅटी सॅरिस यांनी निकाल दिला. प्रमाणपत्रांच्या जाचक अटी घालून विद्यापीठाने कायदा मोडला, असे त्यांनी ठरवले. पण त्याच खटल्यात दुसरा भागही आहे. परकीय भाषेचा विषय गाळून त्याऐवजी दुसरा द्यावा, ही मागणी मात्र विद्यार्थ्यांच्या पदरात पडली नाही. विद्यापीठाने नीट विचार करावा असे न्यायालयाने सांगितले, विद्यापीठाने विचार करून नकार दिला, आणि १९९८ मध्ये तो नकार मान्य झाला. वेळ वाढवणे वेगळे आणि विषयच काढून टाकणे वेगळे, ही रेघ त्या निकालाने ओढली. पुढे ती आपल्या कामाला येणार आहे.

हरकत घेणाऱ्यांच्या शंकेत तथ्य नाही असेही नाही. २००० साली कॅलिफोर्नियाच्या राज्य लेखापरीक्षकांनी अहवाल दिला, की जादा वेळ मिळवणाऱ्यांत सधन गोऱ्या घरांतली मुले प्रमाणाबाहेर आहेत. काहींना तो गरज नसताना मिळत असावा आणि ज्यांना गरज आहे अशा अनेकांपर्यंत तो पोचत नसावा. २०१९ मध्ये तिथे प्रवेशांचा मोठा घोटाळा बाहेर आला, तेव्हा दलाल श्रीमंत पालकांना अक्षमतेची प्रमाणपत्रे मिळवायला सांगत होता हे उघड झाले. पण दोन्ही ठिकाणी खरा अपहार झाला तो गरिबाच्या आजारी मुलाचा, हे विसरू नये. खोट्या प्रमाणपत्राची पहिली झळ खऱ्या प्रमाणपत्राला लागते.

आता आपल्या दारात येऊ. महाराष्ट्रात १९९६ पासून शालान्त परीक्षेत अध्ययन अक्षम मुलांना सवलती मिळू लागल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे कानाडोळा, गरज असेल तर लेखनिक. शिवाय दुसऱ्या भाषेतून सूट, आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित व कार्यानुभवाचा विषय. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली. प्रमाणपत्र मात्र शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या मोजक्या सार्वजनिक रुग्णालयांतूनच मिळे. पुढे कर्नाटक, गोवा, गुजरात, तामिळनाडू, केरळ या राज्यांतही आणि केंद्रीय मंडळांतही अशा सवलती आल्या. गंमत अशी, की संसदेच्या १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती आणि अध्ययन अक्षमता त्यांत नव्हतीच. मंडळांची सवलत ही हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून चालली. २००७ च्या डिसेंबरात 'तारे जमीं पर' हा चित्रपट आला, आणि जे वीस वर्षांच्या व्याख्यानांनी झाले नसते ते घडले. 'डिस्लेक्सिया' हा शब्द बाजारपेठेतल्या माणसालाही कळू लागला.

फेब्रुवारी २०१३ मध्ये केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत एक लहानसे वाक्य आहे, मला ते फार मोलाचे वाटते. 'जादा वेळ' हे शब्द यापुढे वापरू नयेत, 'भरपाईचा वेळ' म्हणावे. आणि लेखनिक घेणाऱ्यांना तो तासाला वीस मिनिटांहून कमी नसावा. जादा म्हणजे वरकड, भरपाई म्हणजे गेलेले परत. एका शब्दाने दानाचे देणे झाले. २०१६ चा नवा कायदा एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमतेला अखेर जागा मिळाली.

तरीही कागदावरचे दालनापर्यंत पोचायला वेळ लागतोच. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लेखनाच्या व्याधीमुळे लेखनिक नाकारल्या गेलेल्या एका सनदी परीक्षार्थ्याच्या बाजूने निकाल दिला. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला नाही म्हणून सोय नाकारता येणार नाही, असे न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ठरवले. त्याच वर्षी सप्टेंबरात वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका मुलीला तिच्या हक्काचा एक तास मिळाला नाही. इतरांबरोबरच तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. तीन तासांत १८० प्रश्न सोडवायची ती परीक्षा. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेले. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले आणि तो कसा दूर करता येईल हे आठवड्याभरात ठरवा असे परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावले. फेरपरीक्षा मात्र दिली नाही. न्याय झाला असे म्हणायचे तर म्हणावे, पण तो तास काही परत आला नाही.

आपल्या सीमाभागात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, कारण आपले मूल तीन लिप्या शिकते. देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि उच्चारायची नंतर. रफार उच्चारायचा आधी आणि बसवायचा पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन खाली लोंबते. इंग्रजीत लिहिलेले आणि उच्चारलेले यांचा मेळ बसेल तर नवल. साधे मूलही यात वर्ष-दोन वर्षे धडपडते. मग एखादे मूल चौथीतही अडखळते आहे, ते अध्ययन अक्षमतेने की नवी भाषा कानावर पडलेली नाही म्हणून? माझ्या अनुभवात दोन्ही बाजूंनी चूक होते. "घरी मराठी बोलता ना, मग कन्नड कसं येणार?" असे म्हणून खरी अक्षमता वर्षानुवर्षे झाकली जाते; आणि उलट, केवळ भाषेच्या अनोळखीपणाला 'मतिमंद' म्हणून मोकळे होणारेही भेटतात.

म्हणून परीक्षा मुलाच्या भाषेत व्हायला हवी, म्हणजे तपासणीची परीक्षा. बराच काळ तपासणीची साधने इंग्रजीचीच होती. हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 'डाली' हे साधन तयार केले, ते २०१५ साली उपलब्ध झाले, आणि त्यात हिंदी व इंग्रजीबरोबर मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा आहेत. बेळगाव-खानापूरच्या मुलासाठी याहून सोयीचे काय असावे? २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळे आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागे. खेड्यातल्या बापाच्या हिशेबात याचा अर्थ एवढाच, की तीनदा एसटीचे भाडे, तीनदा बुडालेली मजुरी.

आणखी एक दुखरी जागा. सवलत जेव्हा भाषा गाळण्याची असते, तेव्हा गाळायची कोणती? इंग्रजी पोटासाठी हवी, राज्यभाषा नोकरीसाठी हवी. पाहतापाहता मराठीवर बोट येते. मूल आजीशी ज्या भाषेत बोलते, जिच्यात त्याला गोष्ट कळते, तीच लिहायची वेळ आली की तिला रजा. कोणा पालकाला मी दोष देणार नाही. मुलाचा गळफास सैल व्हावा एवढेच त्याला हवे असते. पण बोस्टनच्या निकालातली रेघ मला इथे आठवते. वेळ वाढवला तर मूल तोच अभ्यास, तोच विषय, तीच भाषा घेऊन पुढे जाते. विषय गाळला तर एक दार कायमचे बंद होते. पहिला उपाय पुरता वापरून झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालू नये, असे माझे मत आहे.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर काय? संशोधकांनी हे तपासलेले आहे. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका आढाव्यात असे दिसले, की वेळ वाढवला तर बहुतेक सर्वच मुलांचे गुण थोडे वाढतात, पण अक्षमता असलेल्यांचे अधिक वाढतात. म्हणजे तक्रार करणाऱ्या पालकाचेही थोडे खरे आहे. घड्याळ फारच घट्ट असेल तर त्याच्या मुलालाही ते काचते. पण यातून निघते ते हे, की घड्याळ सर्वांसाठीच सैल करा. लघुलेखनाच्या परीक्षेत वेग हाच विषय आहे, तिथे सवलत देऊन चालणार नाही. इतिहासाच्या पेपरात शिवाजी महाराजांचे आरमार समजले आहे का हे पाहायचे असते, दर मिनिटाला किती ओळी खरडल्या हे नव्हे.

आणि घड्याळ सैल करता येते, हे आपण पाहिलेले आहे. करोनाच्या दोन वर्षांनंतर २०२२ साली महाराष्ट्राच्या दहावी-बारावीच्या परीक्षांत मोठ्या पेपरांना सर्वच विद्यार्थ्यांना अर्धा तास वाढवून दिला. कारण काय सांगितले? घरी बसून मुलांची लिहिण्याची सवय मोडली आहे, हात चालत नाही. तेव्हा कोणी अन्याय म्हणून ओरडले नाही, गुणवत्ता बुडाल्याचेही ऐकिवात नाही. ज्या मुलाचा हात जन्मापासूनच चालत नाही, त्याचे म्हणणे याहून निराळे काय आहे? २०२२ मध्ये आपण सगळेच काही काळ त्याच्या बाकावर बसलो होतो.

आपल्या भागात मराठी वाचनालये आहेत, शिक्षण संस्था आहेत, महिला मंडळे आहेत. व्याख्यानमाला आणि साहित्य संमेलने आपण जिद्दीने भरवतो. त्यांच्याच जोडीला वर्षातून एकदा तिसरी-चौथीच्या मुलांची तपासणी, मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतून, गावातल्या शाळेतच व्हावी. जाणकारांना तिथे बोलवावे आणि रुग्णालयापर्यंतच्या कागदपत्रांत पालकाला कोणीतरी सोबत द्यावी. दहावीच्या वर्षी प्रमाणपत्रासाठी धावणारा बाप शेजाऱ्याला संशयास्पद वाटतो. तेच निदान आठव्या वर्षी झाले तर संशयाला जागा राहत नाही आणि मुलाची मधली सात वर्षे 'ढ' म्हणवून घेण्यात जात नाहीत. खर्च फार नाही. एका संमेलनाच्या मांडवाहून तर नक्कीच कमी.